विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल गावात परत यायला हवेत

विहीरवाट (धागाकर्ता)

नवीन शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या मुलांना आता फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाचा कार्यक्रम, म्हणजे ज्याला कॉलेजात सगळे सीईपी म्हणतात तो, करावा लागतो. त्याला श्रेयांक आहेत, त्यामुळे टाळता येत नाही. एके काळी असं काम एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरापुरतं आणि समाजकार्य शिकणाऱ्या मुलांपुरतं होतं. आता वाणिज्य शाखेच्या मुलीही प्रश्नावली घेऊन वाडीवस्तीवर जाताहेत. मला ही फार मोलाची संधी वाटते आणि ती वाया जाऊ नये म्हणून हा धागा काढतोय. मी तालुक्याच्या गावी सिव्हिल शिकवतो, त्यामुळे माझी उदाहरणं पाण्याभोवतीच फिरतील. इतरांनी आपापल्या क्षेत्रातली द्यावीत.

माझं म्हणणं असं आहे. अहवाल ज्या लोकांबद्दल आहे त्यांच्यासमोर, मराठीत, ग्रामसभेत वाचला गेल्याशिवाय प्रकल्प पूर्ण झाला असं धरू नये. आणि पुढच्या वर्षीच्या मुलांनी नवं गाव, नवा विषय शोधण्यापेक्षा मागच्या तुकडीने जिथे सोडलं तिथून पुढे जावं.

कर्जतचं उदाहरण घ्या. आयआयटी मुंबईत १९८५ पासून 'सितारा' हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. प्रा. मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे विद्यार्थ्यांना गावाच्या प्रश्नांवर काम करायला लावलं, आणि तेही अभ्यासक्रमाचा भाग म्हणून. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात एक विचित्र परिस्थिती आहे. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे पेज आणि उल्हास या नद्यांना उन्हाळ्यातही पाणी असतं, आणि त्याच तालुक्यातल्या वरच्या वाड्यांना मार्चनंतर टँकरची वाट बघावी लागते. उत्तर कर्जतमधल्या अनेक वाड्यांना मिळून एक प्रादेशिक नळयोजना तांत्रिक आणि आर्थिकदृष्ट्या शक्य आहे का, हे तिथे अभ्यासून मांडलं गेलं. उंची, अंतर, लोकसंख्या, पाइपचा खर्च, पंपाचं वीजबिल असा रोकडा हिशेब. 'पाणीटंचाई ही गंभीर समस्या आहे' हे वाक्य लिहायला कोणी कर्जतला जायची गरज नसते. हा हिशेब मात्र तिथे गेल्याशिवाय होत नाही. आयआयटीतच पुढे 'जलतंत्र' नावाची संगणक प्रणाली तयार झाली. नळयोजनेत कुठे किती व्यासाचा पाइप टाकला तर खर्च कमीत कमी येईल, हे ती सांगते आणि ती कुणालाही फुकट वापरता येते.

राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं, त्यामागे हाच विचार होता: जिल्ह्यातल्या महाविद्यालयाने जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासावेत आणि प्रशासनाने ते काम त्यांच्याकडून रीतसर मागून घ्यावं. केंद्राचं उन्नत भारत अभियानही आहे, त्यात महाविद्यालयं गावं निवडतात. म्हणजे चौकट आहे, श्रेयांक आहेत, मुलं आहेत. तरी बहुतेक गावांत विचारलं तर उत्तर येतं, 'पोरं आली होती, माहिती लिहून घेऊन गेली.' पुढे काय झालं ते गावाला कळत नाही. अहवाल इंग्रजीत असतो, त्याची एक प्रत वाचनालयात आणि एक विभागाच्या कपाटात जाते.

माझे विद्यार्थी एका वाडीवर गेले. तिथे योजना कागदावर पूर्ण होती, जलकुंभ बांधलेला होता, नळ घरोघरी होते. शेवटच्या आळीत मात्र पाणी येत नव्हतं. सगळे म्हणत होते की मोटार लहान पडते. मुलांनी जलकुंभाची आणि घरांची उंची मोजली, सकाळी लायनीत कुठे किती दाब आहे ते तपासलं, पाणी सोडणाऱ्या मावशींबरोबर तासन्‌तास फिरले. मोटार पुरेशी होती. मधल्या आळीत मुख्य लायनीवरूनच वाढीव जोडण्या दिल्या होत्या आणि दोन भागांना आलटून पालटून पाणी देण्यासाठी वॉल्व्हच नव्हता. हे त्यांनी गावातच, भिंतीवर कागद चिकटवून, रेघा ओढून समजावलं. लोकांनी मध्येच चुका दाखवल्या: इथे दुसरी लाइन जाते, ती तुमच्या नकाशात नाही. नकाशा तिथल्या तिथे दुरुस्त झाला. परीक्षेच्या सादरीकरणात हे घडणं शक्यच नाही, कारण परीक्षकाला ती लाइन माहीत नसते.

तुमच्याकडे असे कोणते प्रकल्प झालेत? गावाकडे अहवाल परत गेला का?

शाळामास्तर

चांगला विषय. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून पदवीच्या आधीच्या वयाचं सांगतो. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून चालू आहे. त्यात १० ते १७ वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसरातलाच एखादा प्रश्न घेऊन काम करायचं असतं. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही पुढच्या टप्प्यावर कृती संशोधन प्रकल्प असतो. म्हणजे हे बीज शाळेतच पेरलेलं आहे.

पण सहावीतल्या मुलाचा अहवाल वाचला की पालकांची भाषा ओळखू येते. मुलांना निरीक्षण करू दिलं तर ती थक्क करतात. आमच्या मुलींनी गावातल्या सार्वजनिक विहिरींची नोंद केली. कोणती वापरात, कोणती बुजलेली, कोणत्या विहिरीत कचरा टाकतात, कोणत्या विहिरीवर कोण पाणी भरतं आणि कोण भरत नाही. हा शेवटचा रकाना आम्ही शिक्षकांनी सुचवला नव्हता. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एका मुलीने तो वाचला तेव्हा सभेत शांतता पसरली आणि मग चांगलंच भांडण झालं. त्या भांडणातून एका विहिरीचा गाळ काढायचं ठरलं. मोठ्यांनी हे वाचलं असतं तर राजकारण समजून सोडून दिलं गेलं असतं असं मला वाटतं.

दप्तरातला_माणूस

मी ग्रामपंचायतीत काम करतो. आधी ग्रामसेवक म्हणायचे, आता ग्रामपंचायत अधिकारी. धागाकर्त्या सरांच्या मताशी सहमत आहे, फक्त टेबलाच्या या बाजूने काही गोष्टी सांगायच्या आहेत.

सर्वांत मोठी अडचण वेळेची आहे. गावाचा विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतो आणि पुढच्या काही महिन्यांत ठरतो. पुढच्या वर्षी पैसा कशावर खर्च होणार हे त्यात लिहिलं जातं. तुमची मुलं जूनमध्ये विषय घेतात, दिवाळीनंतर गावात येतात आणि एप्रिलमध्ये अहवाल देतात. तोवर आराखडा मंजूर झालेला असतो. अहवाल कितीही चांगला असला तरी मी तो वर्षभर कपाटात ठेवण्यापलीकडे काय करणार? तेच निष्कर्ष ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, अर्धवट का होईना, दोन पानांत मिळाले तर ग्रामसभेच्या ठरावात घेता येतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेली होती. वॉल्व्ह बसवणं, गळती काढणं, शोषखड्डे ही कामं अशा पैशातून व्हायला काहीच अडचण नसते. अडचण असते ती नेमकं कुठे आणि किती, हे सांगणाऱ्या कागदाची.

दुसरं, गावात येण्याआधी दप्तर बघा. कुटुंबं किती, घरं किती, नळजोडण्या किती, हे सगळं आमच्याकडे आहे. ते विचारत घरोघरी फिरू नका. आमच्या गावात लोक कंटाळलेत हो. आरोग्याचा सर्व्हे, शौचालयाचा सर्व्हे, पिकाचा सर्व्हे, त्यात कॉलेजचा सर्व्हे. दप्तरात जे नाही ते विचारा: पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, कोण भरतं, ते भरण्यासाठी काय काम सोडावं लागतं.

तिसरं म्हणजे तुमचा अहवाल मला मिळाला तर मी तो वाचतो. मला कोणी पाठवतच नाही.

रिमझिम_०३

मी शेवटच्या वर्षाला आहे. सर, तुमच्या विद्यार्थ्यांचा हेवा वाटला. आमच्या गटाने तालुक्याच्या एसटी स्थानकावरून सुटणाऱ्या गाड्या आणि आजूबाजूच्या गावांतून कॉलेजला येणाऱ्या मुलींचा वेळ यांचा अभ्यास केला होता. शेवटची गाडी संध्याकाळी लवकर सुटते, म्हणून मुली प्रात्यक्षिकं अर्धी सोडून निघतात. काहींच्या घरच्यांनी याच कारणावरून विज्ञान शाखा नको म्हटलं. आम्ही गाव, मुलींची संख्या, सुटीची वेळ आणि गाडीची वेळ असा तक्ता केला. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, 'यात तंत्रज्ञान कुठे आहे? ॲप तरी बनवायचं.' ज्या गटाने हजेरीचं ॲप केलं त्यांना जास्त गुण मिळाले.

गुणांची पद्धत बदलल्याशिवाय आमच्यासारख्या मुली हा मार्ग घेणार नाहीत. मला वाईट गुणांचं वाटलं नाही, तो तक्ता कोणाच्याच हातात गेला नाही याचं वाटलं.

विहीरवाट

रिमझिम, तो तक्ता अजून आहे ना? आगारप्रमुखांना रीतसर अर्जासोबत द्या, आणि ज्या गावांच्या मुली आहेत त्या ग्रामपंचायतींचे ठराव जोडा. एका गाडीची वेळ पुढे ढकलायला नवी गाडी लागत नाही. परीक्षेचा निकाल लागला म्हणून काम संपत नाही.

गुणांबद्दल: आम्ही विभागात एवढंच ठरवून घेतलं की मूल्यमापनाचा काही भाग गावात झालेल्या वाचनावर राहील. त्यासाठी विद्यापीठाची परवानगी लागली नाही, कारण अंतर्गत गुण महाविद्यालयाच्याच हातात असतात.

जुना_अभियंता

पाणीपुरवठ्यात नोकरी झाली, आता निवृत्त. मला या धाग्यातला उत्साह आवडला, पण एक इशारा देतो.

विद्यार्थ्यांनी मोजावं, नोंदवावं, दाखवावं. उपाय सांगण्याची घाई करू नये. पाण्याची गुणवत्ता हे सगळ्यात नाजूक प्रकरण. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. मुलं गावपातळीवरचा तपासणी संच घेऊन जातात, रंग बघतात आणि ग्रामसभेत सांगतात की तुमचं पाणी विषारी आहे. तो संच फक्त संशय दाखवतो. खात्री प्रयोगशाळेत होते. एकदा गावात भीती बसली की लोक तो हातपंप सोडतात आणि जवळच्या उघड्या विहिरीचं पाणी पिऊ लागतात. त्यात फ्लोराइड नसेल, पण पावसाळ्यात जुलाब होतील. नायट्रेटचंही तसंच, मर्यादा ४५ मिलिग्रॅम. तीही संचाच्या रंगावरून ठरवू नये.

म्हणून ग्रामसभेत वाचण्याचा आग्रह असेल तर काय वाचायचं याचा विचार आधी व्हावा.

विहीरवाट

काका, हे फार महत्त्वाचं आहे. गुणवत्तेचे आकडे आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्यायचे आणि मगच सभेत मांडायचे, हे पूर्ण मान्य.

पण 'उपाय सांगू नये' हे सरसकट मान्य करता येत नाही. वॉल्व्ह हवा हे सांगायला मुलांना अनुभव कमी पडत नाही, चार वेळा दाब मोजला की ते दिसतं. आणि मोजण्याच्या बाबतीत तर मुलं जे करू शकतात ते यंत्रणेला करता येत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. राज्यभराचं चित्र त्यातून नीट मिळतं. पण आपल्या गावातली नेमकी कोणती विहीर कोणत्या आठवड्यात तळाला जाते, हे त्या गावातल्या किंवा जवळच्या कॉलेजातल्या मुलांनी दर आठवड्याला दोरी सोडून मोजलं तरच कळेल. सलग पाच वर्षं, पाच तुकड्या. असं झालं तर हिवरे बाजारसारखा पाण्याचा ताळेबंद मांडायला कोणत्याही गावाकडे स्वतःचे आकडे असतील. पाऊस मोजून मग पिकं ठरवण्याची पद्धत तिथे बसली, कारण आकडे गावाचेच होते.

उंबरठा

समाजकार्याची शिक्षिका आहे. पाण्याच्या पलीकडचं थोडं.

आमच्याकडे क्षेत्रकार्य पहिल्या सत्रापासून असतं, त्यामुळे लोकांच्या आयुष्यात शिरण्याचे धोके आम्हाला लवकर कळतात. ऊसतोड कामगारांच्या वस्तीवर दरवर्षी कोणी ना कोणी येतं आणि बाईला तिच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनबद्दल विचारतं. एका बाईने माझ्या विद्यार्थिनीला विचारलं, 'मागच्या सालीबी एक मुलगी लिहून घेऊन गेली, ती तुमचीच का?' तेव्हापासून आमचा नियम आहे की आधी कोणी काय विचारून गेलंय ते शोधायचं, आणि तो प्रश्न पुन्हा विचारायचा असेल तर बाईला त्याचं कारण सांगायचं. तिने नाही म्हटलं तर वही बंद.

इतर शाखांच्या मुलांना हे कोणी शिकवत नाही. अभियांत्रिकीची मुलं सरपंचांच्या घरी चहा घेतात, गावठाणात फिरतात आणि 'गावाचा' अहवाल लिहितात. गावठाणाबाहेरची वस्ती, पारधी समाजाची पालं, स्थलांतर करून आलेली कुटुंबं त्यात येतच नाहीत. माझी विनंती अशी की पहिला दिवस शेवटच्या वस्तीवर घालवावा. सरपंचांना भेटायचं तर आहेच, पण नंतर.

आणि ग्रामसभेत वाचायचं म्हणता तेव्हा बायका तिथे असतील का, हेही बघा. आमच्याकडे आधी महिला सभेत वाचतो, मग ग्रामसभेत. बायका दुरुस्त्या सांगतात आणि बहुतेक वेळा सर्वांत महत्त्वाच्या दुरुस्त्या त्याच असतात. पुरुषांसमोर त्या बोलत नाहीत.

खाजनकार

गोव्यातून. आमच्याकडे खाजन जमिनींचं, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनींचं, असंच आहे. बांध आणि मानशी (पाणी आत-बाहेर सोडण्याची बांधातली दारं) नीट राहिल्या तरच खारं पाणी शेतात शिरत नाही आणि कोरगुट हा इथला भात पिकतो. मानस कधी उघडायची, कधी लावायची, याचं ज्ञान आता मोजक्या वयस्क माणसांकडे उरलंय. कॉलेजच्या मुलांनी ते नुसतं लिहून ठेवलं आणि भरती-ओहोटीच्या वेळेशी जुळवून पाहिलं तरी मोठं काम होईल. यंत्र, ॲप काही नको. त्या माणसांबरोबर बांधावर जाऊन उभं राहायची तयारी पाहिजे.

धानोऱ्याचा

गडचिरोलीवरून लिहितोय. इथे सगळे विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलताहेत, म्हणून गावाच्या बाजूचं एक उदाहरण.

आमच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल गावाने मिळून सांभाळण्याचा हक्क, मिळाला, सुमारे १८०० हेक्टर जंगलावर. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना माहीत आहे. त्यामागचे अभ्यास गट कमी लोकांना माहीत आहेत. गावातले लोक एखाद्या विषयावर नियमित बसतात, बाहेरचा जाणकार असेल तर त्यालाही बसवतात, आणि चर्चा पूर्ण झाली की विषय ग्रामसभेत जातो. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतो. गावाचे नेते देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबतचे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही पद्धत वर्षानुवर्षं जपली. मधमाश्यांना न मारता मध कसा काढायचा यावर इथे असाच अभ्यास झाला.

यात विद्यार्थ्याला जागा आहे, पण ती अभ्यास गटातल्या एका सदस्याची. प्रश्न गावाचा असतो, वेळ गावाची असते. तुमच्या सत्राच्या तारखा त्यात बसत नाहीत, हे आधीच मान्य करून या.

डेल्फ्टहून

नेदरलँड्समध्ये राहते. वरचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. इथल्या विद्यापीठांत १९७० च्या दशकात एक व्यवस्था उभी राहिली: नागरिकांच्या संघटनांनी प्रश्न आणायचा आणि विद्यार्थ्यांनी तो प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, आपल्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून सोडवायचा. काही विद्यापीठांत ती अजून चालू आहे. तिथे एक माणूस पूर्णवेळ नेमलेला असतो. लोकांचा प्रश्न ऐकून तो संशोधनाच्या आकारात बसवणं हेच त्याचं काम. 'आमच्या वस्तीत वास येतो' हा संशोधनाचा प्रश्न नाही. त्यातून 'कोणत्या वेळी, कोणत्या दिशेच्या वाऱ्यावर, कशाचा' असा प्रश्न तयार करायला सराव लागतो.

महाराष्ट्रात प्रत्येक तालुक्याच्या कॉलेजात असा एक माणूस नेमला तर? फील्ड प्रोजेक्टचं समन्वयन आज जे प्राध्यापक करतात त्यांच्यावर शिकवण्याचा पूर्ण भार आहेच. त्यांच्याकडून हे होणं कठीण दिसतं.

विहीरवाट

डेल्फ्टहून, तो माणूस नेमला जाईपर्यंत निदान प्रश्नांची वही तरी सुरू करता येईल. दप्तरातला_माणूस, तुमच्या गावाचे प्रश्न इथे टाकाल का? गावाचं नाव नको. कोणत्या कॉलेजच्या मुलांना जमेल ते बघू.

दप्तरातला_माणूस

टाकतो की. १) दोन बोअर आहेत, एक फेब्रुवारीत आटते, दुसरी मेपर्यंत चालते. अंतर फार नाही. असं का? २) पाणीपट्टी निम्मेच लोक भरतात. न भरणारे गरीब आहेत असं नाही. मग का भरत नाहीत? ३) अंगणवाडीत पोरं सकाळी येतात, पण दुपारच्या आत निम्मी घरी जातात. सेविका ताई म्हणतात पत्रा तापतो. आत किती तापतं ते कोणी मोजलेलं नाही.

रिमझिम_०३

तिसरा प्रश्न मला द्या. माझी धाकटी बहीण पहिल्या वर्षाला आहे, तिच्या गटाला फील्ड प्रोजेक्टचा विषय अजून मिळालेला नाही. तापमापी कोणती घ्यावी? वर्षभर मोजायचं की फक्त उन्हाळ्यात?

उंबरठा

मोजणं सुरू करण्याआधी सेविका ताईंबरोबर बसा आणि पोरं नेमकी कधी उठून जातात ते त्यांच्या हजेरीशेजारी लिहायला सांगा. नुसतं तापमान पुरणार नाही. कदाचित पोरं भुकेमुळेही जात असतील, खाऊ किती वाजता मिळतो तेही लिहा.

जुना_अभियंता

साधी तापमापी चालेल, पण दोन घ्या. एक आत, मुलं जिथे बसतात त्या उंचीवर, पत्र्याजवळ नको. दुसरी बाहेर सावलीत. आधी दोन्ही एकाच जागी ठेवून सारखं दाखवतात का ते तपासा. सुरुवात आत्ताच करा, उन्हाळ्याची वाट बघू नका, नाहीतर तुलना कशाशी करणार? पांढरा रंग किंवा गवताचं आच्छादन करून पाहायचं झालं तर अर्ध्याच छपरावर करा, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळेल. पहिल्या पंधरवड्याचे आकडे इथे टाका, मी बघतो.